हवेवाल्यांची तुर्की बंदूक

आमच्या हाल-मिर गावात आडनाव विचारण्याची पद्धत नाही, कारण विचारून उपयोग नाही. निम्मं गाव झामित आणि उरलेलं फारुजा. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं आडनाव वाचत बसत नाही, नुसतं "कुठले?" म्हणून विचारतो. मग कोणी 'बोकडवाले' म्हणून सांगतं, कोणी 'तीन बोटं', कोणी 'उशिराचे'. कुणाच्या तरी आजोबा-पणजोबांच्या हातून एकदा काहीतरी घडतं, त्यावरून नाव पडतं, आणि ते नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरतं. माल्टात माणूस एक वेळ कर चुकवू शकेल, पण पडलेलं नाव चुकवलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही.

विस्तीन झामितच्या घराण्याला गाव 'हवेवाले' म्हणतं. ऑगस्टात गावच्या संताचा सण असतो. त्या सकाळी मातीच्या तबकड्या आकाशात उडवून त्यांच्यावर बंदुकीने नेम धरायची स्पर्धा असते. माणशी दहा तबकड्या, दहा बार. विस्तीनच्या आजोबांनी एका वर्षी दहाच्या दहा बार काढले आणि दहाच्या दहा तबकड्या धडधाकट शेतात उतरल्या. पुढच्या वर्षी त्याच पुन्हा वापरल्या असंही सांगतात, पण ते बहुधा मागाहून चिकटवलेलं असावं. त्या वेळचा न्हावी गर्दीत उभा होता. तो म्हणाला, "हवा मात्र मेली बिचारी." झालं. त्याला नव्वद वर्षं झाली. विस्तीनच्या वडिलांनी जन्मात बंदुकीला हात लावला नाही, तरी ते हवेवालेच म्हणून गेले. विस्तीनने चौतीस वर्षं पाणीखात्यात घरोघरी फिरून मीटर वाचले, एका घराचं बिल कधी चुकवलं नाही, आणि दार उघडताना आतल्या बाया ओरडायच्या, "हवेवाला आलाय पाण्याचं बघायला."

हे सगळं तो एकसष्ट वर्षं सोसत आला होता आणि पुढेही सोसलं असतं. पण नोव्हेंबरात त्याच्या मुलीला, डोरिएटला, दिवस गेल्याची बातमी आली. विस्तीन त्या वेळी दाढीसाठी लिप्पूच्या खुर्चीत होता. हा लिप्पू त्या न्हाव्याचाच नातू, आणि गावाला नावं ठेवायचं काम त्याच्याकडे वारशाने आलेलं. साबण फासता फासता लिप्पू म्हणाला, "म्हणजे हवेवाल्यांकडे आणखी एक झुळूक येणार."

दुकान हसलं. विस्तीनला उठून जायचं होतं, पण अर्धी दाढी झाली होती, आणि अर्ध्या दाढीने रस्त्यावर गेलं तर त्याचंही नाव पडतं. तो तसाच बसून राहिला. जे मूल अजून जन्मालाही आलं नव्हतं, त्याला थेट खापरपणजोबांच्या नेमाची शिक्षा होणार, हे त्याला आरशात बघताना पहिल्यांदा नीट दिसलं. दाढी पुरी होईपर्यंत त्याचं ठरलं होतं. ऑगस्टातल्या स्पर्धेत उतरायचं आणि नातवंडाच्या बाप्तिस्म्याआधी हवा एकदाची काढून टाकायची.

"बंदूक?" त्याची बायको मेना म्हणाली. "तुला डास मारता येत नाही." यावर विस्तीनने डास आणि तबकडी यांतला फरक समजावून सांगितला. मेनाने ऐकून घेतलं आणि जेवायला वाढलं.

सल्ला मागायला तो मेनाच्या भावाकडे, स्पीरूकडे गेला. ही पहिली चूक. स्पीरू गेली सात वर्षं स्पर्धेतलं पहिलं बक्षीस, म्हणजे एक अख्खी वाळवलेली डुकराची तंगडी, घरी नेत होता. त्याची बंदूक इटालियन. तिच्या दस्त्यावर चांदीचे तितर कोरलेले आहेत आणि ती मखमलीत झोपते. तिची किंमत त्याने बायकोला अजून सांगितलेली नाही. स्पीरूचा सल्ला एका ओळीचा होता, इटालियन घे नाहीतर घेऊच नकोस. लिप्पूने सांगितलं की वापरलेली घे, मेलेल्या माणसाची असली तर उत्तम, तिला नेमाची सवय असते. बँड क्लबात चहाचे ग्लास हातात घेऊन बसणाऱ्या मंडळींपैकी प्रत्येकाचं मत वेगळं होतं, आणि त्यांतल्या तिघांनी आयुष्यात बंदूक धरलेली नव्हती. त्यांची मतं सर्वांत पक्की.

शेजारच्या गावच्या बंदुकीच्या दुकानात विस्तीनने आधी इटालियन बंदुका पाहिल्या. मग त्यांच्या किमतीच्या चिठ्ठ्या पाहिल्या. मग तो खिडकीपाशी जाऊन थोडा वेळ रस्ता बघत उभा राहिला. दुकानदार अनुभवी होता. त्याने काही न बोलता आतून एक दुनळी आणली. एकावर एक नळ्या, अक्रोडाचं गडद लाकूड, आणि दस्त्यावर गाल टेकायला एक वेगळी फळी, स्क्रू पिळून वरखाली आणि डावीउजवीकडे सरकणारी. किंमत इटालियन बंदुकीच्या पाचव्या हिश्श्याहून कमी.

"कुठली?" विस्तीनने विचारलं.

"आधी लाकूड बघा."

"लाकूड छान आहे. कुठली?"

"तुर्की," दुकानदार हळूच म्हणाला, दुकानात तिसरं कुणी नसताना.

आता हे सांगितलं पाहिजे की साडेचारशे वर्षांपूर्वी तुर्क आमच्या बेटाला वेढा घालून गेले, आणि आमची माणसं ती गोष्ट परवा झाल्यासारखी अजून सांगतात. घाटावर भांडण झालं तरी पहिल्यांदा शिवी तुर्काच्या नावाने निघते. विस्तीनने बंदूक खांद्याला लावून पाहिली. ती त्याला आवडली. खरं म्हणजे फार आवडली. सरकणारी ती फळी त्याला नसती कटकट वाटली आणि ती काढून किंमत आणखी कमी होईल का असं त्याने विचारून पाहिलं. होणार नव्हती. त्याने ती तशीच ठरवली आणि बयाणा देऊन घरी आला.

बंदूक दुकानातच राहिली, कारण परवाना नव्हता. परवान्याचं काम आणि बाळाचं काम साधारण एकाच सुमारास सुरू झालं, आणि बाळ आधी आलं. नेमबाजांच्या क्लबाचं सभासदत्व हवं, क्लबाचा वर्ग पुरा करायला हवा, वर्गाची परीक्षा हवी, डॉक्टरांचं पत्र हवं, पोलिसांचं चांगल्या वर्तणुकीचं पत्र हवं. वर्तणुकीच्या खिडकीवर चार विस्तीन झामित निघाले. त्यांतल्या एकाने मागे कधीतरी शेजाऱ्याचं कोंबडं पळवलं होतं, आणि तो आपण नव्हे हे सिद्ध करण्यात दोन आठवडे गेले. शेवटी कारकुनाने विचारलं, "तुम्ही कुठले?" विस्तीन खाली बघून म्हणाला, "हवेवाले." कारकुनाचा चेहरा उजळला. "मग आधी नाही का सांगायचं? कोंबडंवाले वेगळे." त्या कारकुनाची मावशी हाल-मिरची होती.

मग कपाट. बंदूक लोखंडी कपाटात पाहिजे आणि कपाट भिंतीला चार बोल्टांनी आवळलेलं पाहिजे, असा नियम. आमची घरं ज्या पिवळ्या दगडाची, तो ताजा असताना सुरीने कापता येतो. विस्तीनने भाड्याने ड्रिल आणलं, आणि पहिलंच भोक पाडताना थोडा जोर केला. ड्रिल आनंदाने आत गेलं आणि जातच राहिलं. पलीकडे शेजारच्या झेझामावशीचं स्वयंपाकघर होतं. मार्च महिना होता. ड्रिलचं टोक चर्चच्या कॅलेंडरातून, एकोणीस तारखेच्या सेंट जोसेफच्या चौकटीतून बाहेर आलं, आणि ससा शिजवत बसलेल्या झेझामावशीने हातातली पळी टाकून क्रूसाची खूण केली.

झेझामावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गावातली कुठलीही बातमी तिच्या घरावरून गेल्याशिवाय पक्की होत नाही. विस्तीन धावत माफी मागायला गेला, दगडाची भुकटी आणि चुना घेऊनच गेला. पण तिने भोक बुजवू दिलं नाही. तिचं म्हणणं, संधिवाताने जिना उतरवत नाही, आता बोलायला बरं झालं. कॅलेंडर तिने एक खिळा बाजूला सरकवलं. विस्तीनने कपाट वीतभर पलीकडे, दुसऱ्या चार भोकांवर बसवलं. पहिलं भोक तसंच राहिलं, कमरेच्या उंचीवर, आणि त्यातून दिवसातून सहा-सात वेळा हाक येऊ लागली.

तपासणीला आलेल्या साहेबांनी कपाट हलवून पाहिलं, कुलूप पाहिलं, मग भोक पाहिलं. भोकात एक डोळा होता. डोळ्याने साहेबांना नमस्कार केला आणि ते कुणाचे कोण असं विचारलं. साहेबांनी कागदावर लिहिलं की बंदुकीच्या खोलीवर परक्या व्यक्तीची नजर आहे, आणि काम महिनाभर अडलं. भोकातून हात बंदुकीपर्यंत पोहोचत नाही, असं झेझामावशीने स्वतः लिहून द्यायचं ठरलं. ती काळा झगा घालून, मोत्यांची माळ घालून, कचेरीत गेली, सोबत मधाच्या कडबोळ्यांचा डबा. सगळ्या प्रकरणात तो एकच कागद एका दिवसात पुढे सरकला.

मे महिन्यात डोरिएटला मुलगी झाली. नाव ठरलं एलिझा. बाप्तिस्मा मात्र सणानंतरच्या रविवारी, कारण जावयाचा भाऊ ऑस्ट्रेलियाहून सणाला यायचा होता. नातीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा विस्तीनला काय वाटलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण तो दवाखान्यातून बसने न येता पायी आला, नऊ किलोमीटर. जूनमध्ये परवाना आला आणि तुर्की बंदूक घरी आली.

घरी आल्याआल्या भोकातून झेझामावशीचा प्रश्न आला की हिला आशीर्वाद कधी. आमच्याकडे घराला, मोटारीला, होडीला, कुत्र्यालासुद्धा पाद्रीबाबांचं पवित्र पाणी लागतं, आणि ही तर तुर्काच्या घरून आलेली. तिचं म्हणणं, माझ्या मदर मेरीच्या भिंतीपलीकडे बाप्तिस्मा न झालेलं काही ठेवू नकोस. मेनाही त्याच मताची निघाली. विस्तीन गावच्या पाद्रीबाबांकडे, दुन गेयतानांकडे गेला. ते म्हणाले, "विस्तीन, मी गेल्या आठवड्यात एका बकऱ्याला आशीर्वाद दिला आणि त्याने माझ्या गळ्यातली पूजेची पट्टी खाल्ली. पण बंदूक नाही. बंदुकीचं मला सांगू नकोस." घरी येऊन विस्तीनने हे सांगितलं. मेनाने भोकाकडे पाहिलं. भोक गप्प होतं, आणि झेझामावशीचं भोक गप्प असणं काही चांगलं लक्षण नव्हे.

पहिल्या दिवशी क्लबाच्या मैदानावर विस्तीनने पंचवीस तबकड्यांवर पंचवीस बार काढले. एकही फुटली नाही. उजवा खांदा मात्र कानापर्यंत सुजला. मैदानाचा मास्तर तोनीनू, निवृत्त शाळामास्तर, नोंदवहीत शून्य लिहिताना इतका हळुवार होता की विस्तीनला रडू आलं असतं. बाकीच्यांनी दोष बंदुकीला दिला. तुर्काचा नेम आपल्याकडे तेव्हाही लागला नव्हता, असं कुणी म्हणालं. चार महिने तोफा डागून गेले बिचारे. हे ऐकून विस्तीनला फार बरं वाटलं. बंदूक वाईट असणं हे माणूस वाईट असण्यापेक्षा सोयीचं असतं. त्याने तोंड पाडून मान डोलावली आणि स्वस्तात घेतलं की असंच व्हायचं असं स्वतःच म्हणाला.

तेवढ्यात स्पीरू उठला. "आण बघू इकडे." त्याने तुर्की दुनळी खांद्याला लावली, दोनदा मान हलवली, आणि पंचवीसपैकी बावीस तबकड्यांचा भुगा केला. मग तिच्याकडे जरा आदराने बघून परत दिली. "चांगली आहे की रे," तो म्हणाला.

विस्तीनने बंदूक घरी नेऊन कपाटात ठेवली. पुढचे दोन आठवडे त्याने जवळजवळ रोज जाऊन प्रयत्न केला. कुणी सांगितलं तबकडीच्या पुढे मार, त्याने पुढे मारला. कुणी सांगितलं पाय फाकव, त्याने फाकवले. कुणी सांगितलं श्वास रोख, तो रोखून धरला आणि चक्कर येऊन खुर्चीत बसला. एकदा एक तबकडी फुटली, पण ती यंत्रातून निघतानाच फुटली होती असं तोनीनूने प्रामाणिकपणे सांगितलं. लिप्पूच्या दुकानात आता हवेचा भाव विचारू लागले होते. विस्तीनने बंदूक विकायचं मनाशी पक्कं केलं, आणि ते पहिल्यांदा कुणाला सांगितलं तर भोकाला. गुडघे टेकून, डावा गाल भिंतीला लावून.

"विकायचं ते विक," झेझामावशी पलीकडून म्हणाली. "पण आधी त्या डोळ्याचं काहीतरी कर."

"कुठल्या डोळ्याचं?"

"उजव्या. मार्चपासून मी तुझा डावाच डोळा बघतेय. उजवा कधी म्हणून भोकाला लावत नाहीस. मला वाटलं, गेला असेल, बोलायला लाजत असेल. सांता लुचीयाला तीन मेणबत्त्या लावल्या मी त्या डोळ्यासाठी."

विस्तीनने भिंतीवरचा गाल काढला. मग त्याने उजवा डोळा भोकाला लावून पाहिला आणि मान अवघडली. चौतीस वर्षं. चौतीस वर्षं तो दारादारांत गुडघे टेकून, उजव्या हातात विजेरी धरून, डावा गाल भिंतीला टेकवून मीटरच्या अंधाऱ्या खोबणीत बघत आला होता, आणि बघत होता तो डाव्या डोळ्याने. गावातल्या प्रत्येक थेंबाचा आकडा त्या एका डोळ्याने वाचला होता. आणि बंदूक मात्र उजव्या खांद्याला.

तो तडक तोनीनूकडे गेला. तोनीनूने त्याला चौकात उभं केलं. "दोन्ही डोळे उघडे ठेवून चर्चच्या घुमटावर बोट धर. आता उजवा मीट."

"आहे. बोट घुमटावर आहे."

"आता डावा मीट."

विस्तीनने डावा मिटला. बोट घुमटावरून निघून सरळ बेकरीच्या धुराड्यावर जाऊन बसलं.

"तू गेले दोन आठवडे बेकरीवर बार काढतोयस," तोनीनू म्हणाला. "डाव्या खांद्याने मार. आणि त्या दस्त्याची फळी सरकते ना? ती सरकव डावखुऱ्यासाठी."

दोन स्क्रू. ज्या फळीला विस्तीनने नसती कटकट म्हटलं होतं, ती त्याच्या डाव्या गालाखाली अशी येऊन बसली की जणू तिथेच वाढलेली. स्पीरूच्या इटालियन बंदुकीला असली फळी नाही, तिला नुसते तितर आहेत. दुसऱ्या दिवशी पंचवीसपैकी चार फुटल्या. आठवड्याने अकरा. जुलै संपता संपता चौदा. कुणी म्हणेल चौदा म्हणजे काय फार नाही, पण तो माणूस शून्यावर उभा राहिलेला नसतो. विस्तीन संध्याकाळी गच्चीवर बसून फुटलेल्या तबकड्या मनात पुन्हा पुन्हा बघायचा आणि मेना सांगते की तो झोपेत हसायचा.

सणाची सकाळ उजाडली. फटाक्यांच्या दणक्यांनी गावातली कुत्री पलंगांखाली गेली होती. मैदानावर सगळं गाव. आमच्याकडे पद्धत अशी की सण सुरू करायचा म्हणून दुन गेयतान येऊन मैदानावर पाणी शिंपडतात, बंदुकांकडे पाठ करून. गुणांच्या फळ्यावर खडू घेऊन लिप्पू. पाच झामित आणि चार फारुजा उतरलेले, म्हणून त्याने नेहमीप्रमाणे नाव आणि पुढे घराणं लिहिलं होतं. सातव्या ओळीत होतं: विस्तीन, हवेवाले. मेना नातीला मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर होती, शेजारी खास खुर्चीत बसवून आणलेली झेझामावशी.

उतरण्याआधी तोनीनू प्रत्येकाची बंदूक उघडून नळ्यांतून आभाळ बघतो. विस्तीनची बंदूक त्याने उघडली, वरच्या नळीतून पाहिलं, खालच्या नळीतून पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं.

"विस्तीन," तो म्हणाला, "आत कुणीतरी आहे."

त्याने लांब काठी घालून ढकललं. खालच्या नळीतून सुरळी केलेलं एक चित्र बाहेर पडलं. उलगडलं तर सांता रीटा, अशक्य कामांची संत, कपाळावर काट्याची खूण, नजर वर. हात लावून पाहिलं तर ओलसर होती. पवित्र पाणी, उघडच. तसाच बार काढला असता तर नळी फुटून विस्तीनचा हात गेला असता, हे तोनीनूने मोठ्याने सांगितलं आणि हसणं मध्येच थांबलं.

विस्तीनने बाकाकडे पाहिलं. मेनाचा चेहरा पांढराफटक. झेझामावशी बंदूक सोडून बाकीचा सगळा सण बघत होती. कपाटाची किल्ली विस्तीनने कॉफीच्या डब्यात लपवली होती, जो घरात रोज तीन वेळा उघडतो. आणि नियम असा की किल्ली मालकाशिवाय कुणाच्या हाती लागता कामा नये, लागली तर परवाना गेला.

"कुणी घातलं हे?" तोनीनूने विचारलं. तो शाळामास्तर होता आणि हा प्रश्न त्याने आयुष्यभर विचारला होता.

विस्तीनने मनात हिशेब केला. परवाना, ऑगस्ट, फळा, नात. मग तो म्हणाला, "मी. नवस होता. काढायचं विसरलो."

गावापुढे स्वतःला मूर्ख म्हणवून घेणं सोपं नसतं, आणि हवेवाल्याने ते करणं म्हणजे तर आगीत हात घालणंच. लिप्पूने खडू वर उचललेला सगळ्यांनी पाहिला. तोनीनूने विस्तीनकडे पाहिलं, मग बाकाकडे, मग चित्र वहीत ठेवलं आणि बंदूक परत दिली. "मूर्खपणाला नियमात कलम नाही," तो म्हणाला. "पुन्हा असं केलंस तर मी कलम घालीन. जा, उभा राहा."

पहिली तबकडी सुटली तेव्हा विस्तीनचं अर्धं लक्ष अजून बाकावर होतं. बार गेला. तबकडी डौलात जाऊन शेतात उतरली. गर्दीत कुणीतरी हलकेच म्हणालं, "हवा." कुणी हसलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. विस्तीनने डावा गाल फळीला टेकवला. मीटर बघताना करायचा तसा खोल श्वास घेतला आणि सोडला. "सोड," तो म्हणाला.

दुसऱ्या तबकडीची आकाशात काळी भुकटी झाली.

त्याला वाटलं होतं आपण ओरडू. त्याऐवजी डोळ्यात पाणी आलं, आणि पाण्यातून पुढच्या दोन निसटल्या. मग त्याने बाहीने डोळा पुसला. पाचवी फुटली. सहावी फुटली. सातव्या वेळी चौकात एक भलामोठा फटाका फुटला, सगळं मैदान दचकलं, एलिझा रडू लागली. विस्तीन तेवढा दचकला नाही, कारण त्याला नातीच्या रडण्याखेरीज काही ऐकूच आलं नव्हतं. सातवी फुटली. आठवी गेली. नववी फुटली. दहावीचा फक्त एक कोपरा उडाला, पण नियमात कोपराही चालतो. सहा.

स्पीरूच्या नऊ. तंगडी स्पीरूचीच. त्याने येऊन विस्तीनला मिठी मारली, आणि तोंड कानाशी नेऊन ती फळी कुठे मिळते ते विचारलं.

पण गाव तंगडीकडे बघत नव्हतं. लिप्पू फळ्यापाशी उभा होता. त्याने सातव्या ओळीतलं 'हवेवाले' बाहीने पुसलं. नव्वद वर्षांची गोष्ट, दोन फटकाऱ्यांत गेली. आजोबांना, वडिलांना दिसायला हवं होतं असं विस्तीनला वाटून गेलं. मग लिप्पूने खडूला फुंकर मारली आणि लिहिलं: तुर्क.

सगळं मैदान विस्तीनकडे बघू लागलं. तो फळ्याकडे. मेनाने एलिझाला छातीशी धरलं. तिला नवऱ्याचा स्वभाव माहीत होता. असल्या गोष्टीवर तो आठवडाभर जेवत नाही. विस्तीनने बंदूक उघडली, रिकामी केली, खांद्यावर टाकली, आणि शांतपणे घरी गेला. त्याला काय वाटलं ते रविवारपर्यंत कुणाला कळलं नाही. भोकालासुद्धा नाही, आणि झेझामावशीने तर प्रयत्न कमी केला नव्हता. भोकातून त्याला एवढंच सांगण्यात आलं होतं की सांता रीटामुळेच सहा आल्या, नाहीतर चारच येत होत्या.

रविवारी चर्चमध्ये बाप्तिस्मा. ऑस्ट्रेलियाचा काका, पांढरेशुभ्र बूट, सगळी मंडळी. एलिझा पाण्याला घाबरली नाही. पाणी पडल्यावर तिने एक डोळा मिटला आणि दुसऱ्याने दुन गेयतानांकडे रोखून पाहिलं. उघडा राहिलेला डोळा डावा होता, हे विस्तीनने पाहून ठेवलं.

मग दुन गेयतान जाडजूड नोंदवही घेऊन बसले. गेली दीडशे वर्षं आमच्या पाद्र्यांची रीत अशी की मुलाचं नाव शाईने लिहायचं आणि समासात पेन्सिलीने घराणं, कारण नुसत्या झामित-फारुजावरून पुढे कुणाला काही सापडत नाही. त्यांनी पेन्सिल हातात घेतली आणि थांबले. ते चांगले माणूस आहेत. त्यांनी चष्म्यावरून विस्तीनकडे पाहिलं.

"कुणाची नात लिहू, विस्तीन? मी हे कोरं ठेवू शकतो."

मेना शेजारी उभी. दाराशी लिप्पू, स्पीरू, तोनीनू. विस्तीनच्या डोळ्यांपुढून एकदा आजोबांच्या दहा तबकड्या जशाच्या तशा उडत गेल्या. हवा तर कुणालाच घाबरवत नाही, आणि तुर्काचा वेढा गाव साडेचारशे वर्षांनीही विसरलेलं नाही. मग त्याने कोटाचं बटण लावलं.

"तुर्काची लिहा, फादर."

दुन गेयतानांनी पेन्सिल समासावर टेकवली.

"पेन्सिलीने नको," विस्तीन म्हणाला. "शाईने."